एनओई बिल्डअपवरून काढलेलं प्रत्येक अंतर 1.78 अँगस्ट्रॉमच का येतंय?

एनओई म्हणजे एनएमआरमध्ये एका प्रोटॉनला इरॅडिएट केलं (ढवळलं) की जवळच्या प्रोटॉनच्या पीकमध्ये होणारा बदल. वेळेबरोबर तो वाढत जातो, तो बिल्डअप, आणि त्याच्या वेगावरून अंतर काढतात. तुमच्या दोन अडचणी आहेत. ग्नूप्लॉटमध्ये (आलेख आणि फिटचा प्रोग्राम) प्रत्येक प्रोटॉन-जोडीचं अंतर संदर्भाच्या सीएच2 जोडीइतकंच निघतंय, आणि 0.3 सेकंदानंतर बिल्डअप वाकतोय. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलीचं मूळ घातांकात आहे. तुम्ही (1/6) लिहिलंय. ग्नूप्लॉट पूर्णांकाला पूर्णांकाने भागून पूर्णांकच देतो, म्हणजे 1/6 झालं शून्य. शून्य घात म्हणजे 1, म्हणून उत्तर कायम 1.78. एरर काही येत नाही, हीच पंचाईत. असं लिहा (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं; एस म्हणजे त्या जोडीच्या बिल्डअपचा उतार, एसरेफ संदर्भ-जोडीचा):

आर = 1.78*(एसरेफ/एस)**(1.0/6)

एसरेफ एसच्या आठपट असेल तर 2.52 यायला हवं. तेवढं तपासून पुढे जा.

आता वाकणं. तुम्ही नुसता एनओई पीकचा इंटिग्रल (पीकखालचं क्षेत्रफळ) मिक्सिंग टाइमसमोर (एनओई वाढू देण्याचा वेळ) मांडलाय. त्या काळात इरॅडिएट केलेला प्रोटॉन स्वतःही रिलॅक्स होतो, म्हणजे मूळ स्थितीकडे परततो. ऱ्हासाचा दर सेकंदाला 0.7 धरला, तर 0.5 सेकंदाला बिंदू सरळ रेषेच्या 30 टक्के खाली बसतो. म्हणून प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये एनओई पीकला त्याच स्पेक्ट्रममधल्या इरॅडिएट केलेल्या पीकने भागा. याला पॅनिक पद्धत म्हणतात. दोन-स्पिनच्या आदर्श जोडीत हे गुणोत्तर टॅनएच(सिग्मा × वेळ) इतकं असतं (सिग्मा म्हणजे एनओई वाढण्याचा दर, सुरुवातीचा उतार एस तोच), आणि छोट्या रेणूत ते बराच काळ सरळ रेषाच दिसतं.

फाइलचे तीन रकाने करा: वेळ सेकंदात, एनओई पीक, इरॅडिएट केलेला पीक. मग:

एस = 0.02
एफ(एक्स) = एस*एक्स
फिट एफ(एक्स) 'डेटा.डॅट' युझिंग 1:(-$2/$3) व्हाया एस

उणे चिन्ह अशासाठी की छोट्या रेणूत खरा एनओई इरॅडिएट केलेल्या पीकच्या उलट चिन्हाचा असतो. एखादा पीक त्याच्याच चिन्हाचा दिसला तर तो ओएच-एनएचचा एक्स्चेंज किंवा तिसऱ्या प्रोटॉनमार्फत आलेला एनओई समजा, आणि फिटमधून काढून टाका.

भागाकाराचा आणखी एक फायदा. टॉपस्पिन (एनएमआर सॉफ्टवेअर) प्रोसेस केलेले आकडे 2 च्या घाताने स्केल करून साठवतो, आणि तो घात एनसी_प्रॉक या पॅरामीटरमध्ये असतो. स्वतःच्या स्क्रिप्टने फाइल वाचताना तो विसरला, तर एखादा बिंदू दुप्पट किंवा निम्मा दिसतो. गुणोत्तरात ते आपोआप कटतं, रिसीव्हर गेनही कटतो.

फेज (पीकचा आकार सरळ करणारी दुरुस्ती) मात्र हाताने एकदाच लावा आणि सगळ्या स्पेक्ट्रमना तीच वापरा. प्रत्येकावर वेगळा एपीके (आपोआप फेज लावणारी आज्ञा) चालवला की छोट्या एनओई पीकचा इंटिग्रल भरकटतो. पीकची उंची मोजू नका, पूर्ण मल्टिप्लेटचं क्षेत्रफळ घ्या: कपल झालेल्या प्रोटॉनमध्ये झिरो-क्वांटम नावाच्या नको असलेल्या सिग्नलचा उलटसुलट आकार मिसळतो, पण त्याची बेरीज शून्य असते.

मिथाइलवर एनओई मोजला असेल तर एसला 3 ने भागायचं. मिथाइल इरॅडिएट करून एकट्या प्रोटॉनवर मोजला असेल तर भागायचं नाही, ते 3 गुणोत्तरातच जातात.

शेवटी एफ(एक्स) मध्ये + सी घालून एकदा पुन्हा फिट करा. सी त्याच्या एररपेक्षा स्पष्ट मोठा आला, तर फेज आणि बेसलाइनकडे परत जा. सिग्मातली 10 टक्के चूक अंतरात दीड-पावणेदोन टक्केच उतरते, त्यामुळे एखादा बिंदू थोडा हलला म्हणून प्रयोग पुन्हा लावायची गरज नाही.