काळा कोट घालण्याआधी

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. बी.कॉम. झालंय, हडपसरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. काकांबरोबर शेताच्या वाटपाचा दावा अकरा वर्षं चालला. आमच्या वकीलबाईंना बघतच मी मोठी झाले. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करावं, पुढे न्यायाधीश व्हावं असं मनात आहे. आई म्हणते, लागलेली नोकरी सोडू नकोस. काय करू?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : तुझ्या आईची काळजी रास्त आहे, म्हणून आधी हिशोब. कायद्याची पदवी घरबसल्या, दूरशिक्षणानं मिळत नाही. वर्गात ७० टक्के हजेरी लागते. हडपसरची नोकरी सांभाळून ते जमवणं फार ओढाताणीचं होईल. सनद घेऊन प्रॅक्टिस सुरू केलीस की पगारी नोकरी करता येत नाही. आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे परीक्षेला बसेपर्यंत तू निदान ३२ वर्षांची असशील. शहरात ज्युनिअरला महिना २० हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४मध्ये सुचवलं, पण ती सक्ती नाही. त्याहून पुष्कळ कमी पैशांत राबणारी मुलं मी रोज बघते. दोन वर्षांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

पण पैशांपेक्षा मला वेगळीच गोष्ट विचारायची आहे. तुला कागद वाचायला आवडतात का?

माझ्या पहिल्या वर्षी सिनियरबाईंनी मला वाटपाच्याच एका दाव्याची फाइल दिली. कोर्टात मी नुसत्या तारखा लिहून घेत होते. संध्याकाळी चेंबरमध्ये बसून सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, वाचायचे, तेही जुन्या मोडी वळणाच्या अक्षरातले. एका फेरफारात दोन बहिणींची नावं कमी झालेली, शेरा ‘हक्कसोड’, म्हणजे दोघींनी आपला वाटा सोडून दिला. पण तसं लिहून दिलेल्या दस्ताचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. मी तो कागद दिव्याखाली धरून चार वेळा वाचला. मग दस्त नोंदवले जातात त्या दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तीन दिवस शोध घेतला. असा दस्त झालेलाच नव्हता! त्या दोघी बहिणी कधी कोर्टात बोलल्या नाहीत, पण त्यांचा हिस्सा उभा राहिला तो त्या एका रिकाम्या जागेमुळे. आजही वकिली म्हटलं की मला अशिलांची गर्दी आठवत नाही, तो फेरफार आठवतो.

तुझ्या वकीलबाईंचं बोलणं तू ऐकलंस, त्यामागचं हे वाचन तुला दिसलं नसेल. म्हणून कामाच्या दिवशी दोन रजा टाक आणि सकाळी साडेदहाला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात ये. बाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांची यादी, बघ, एखाद्या दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर बस. फोन बंद ठेव, कुणी अडवणार नाही. पुकारा होईल, कुणी वेळ मागेल, पुढची तारीख पडेल. असं बराच वेळ चालेल. मग कदाचित एखादा उलटतपास ऐकायला मिळेल. घरी जाताना त्या साक्षीदाराच्या उत्तरातली फट शोधत राहिलीस, तर सीईटीचा फॉर्म भर. नुसता कंटाळाच आला तर तेही खरं मान. अकाउंट्समध्येही जीएसटीच्या नोटिसांना उत्तरं देण्याचं, अपिलांचं काम आहे, ते कमी प्रतीचं मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी आईलाही सोबत आण. अकरा वर्षं तिनं तारखांचा खर्च सोसलाय. आत काय चालतं ते तिनंही एकदा बघू दे, मग दोघी मिळून ठरवा.