चंद्र ढगात असला तर उपास सोडायचा कसा?

प्रिय बबड्या,

फ्रिजवरच्या कालनिर्णयला तू चिकटवलेली पिवळी चिठ्ठी मला सोमवारी रात्री सापडली. "आई, चंद्र दिसलाच नाही तर तू जेवणारच नाहीस का? आणि चॉकलेटचं अंडं उपासाला चालतं का?" रविवारी हेच तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी "थांब जरा" म्हणून तुला कटवलं. पोटात काही नसलं की मला तेवढंच बोलता येतं. आता पोट भरलंय, म्हणून सविस्तर लिहिते. अडलेला शब्द ताईला विचार, पण तिला सगळं वाचून दाखवायला लावू नकोस.

चार दिवस सुट्टी आणि चारही दिवस मँचेस्टरचा पाऊस. पीक डिस्ट्रिक्टच्या सहलीसाठी केलेले सँडविच आपण शुक्रवारी बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकून खाल्ले. शनिवारी मेंढीकोट. तू आणि बाबा तीन डाव हरलात, कारण दश्शी हातात आली की तुझा चेहराच सगळं सांगून टाकतो. आणि रविवारी, ५ एप्रिलला, ईस्टर आणि माझी संकष्टी एकाच दिवशी.

तू म्हणालास, "काय योगायोग!" तसा तो अर्धाच योगायोग. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. (चर्चची पौर्णिमा आकाशात बघून नव्हे, जुन्या कोष्टकावरून ठरते, पण यंदा दोन्ही जुळल्या.) संकष्टी म्हणजे पौर्णिमेनंतरची चौथी तिथी. यंदा पौर्णिमा २ एप्रिलला होती. त्याच दिवशी हनुमान जयंती, म्हणून आजीनं फोनवर सुंठवडा दाखवला होता. तर एकाच पौर्णिमेच्या मागून दोघी निघाल्या. बहुतेक वर्षी त्या एकमेकींच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत येतात, यंदा दारात टक्कर झाली एवढंच.

आता अंडं. पूर्वी ख्रिस्ती लोक ईस्टरआधीचे चाळीस दिवस कडक उपास धरत. मांस बंद, दूध बंद, अंडी बंद. पण हे कोंबड्यांना कोण सांगणार? त्या आपल्या अंडी देतच राहायच्या. तुझा शाळेतला पॅनकेक डे हा उपास लागण्याआधी घरातली अंडी संपवण्याचा दिवस, आणि ईस्टरचं अंडं म्हणजे पारणं. हा उपासाचा काळ अजून पाळणारे लोक आपल्या ओळखीतही आहेत. बाबांचा वसईचा ख्रिस्ती मित्र आठवतो ना, जो घरी फोनवर तिकडच्या सामवेदी बोलीत बोलतो आणि तुला एक शब्द कळत नाही? त्याच्या घरी पाळतात. म्हणजे "आपला उपास" आणि "त्यांचा ईस्टर" असे दोन कप्पे तू केलेस, त्यात तो काका कुठे बसवशील?

चॉकलेटच्या अंड्यात अंडं नसतं हा तुझा मुद्दा मला मान्य. माझ्या उपासाला काय चालतं ते बघ: साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून करतात. हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, काही शतकांपूर्वी जहाजातून आपल्याकडे आलेले. आणि जे गहू नि तांदूळ आपल्या शेतात कधीपासून पिकतात, ते उपासाला चालत नाहीत! मी लहानपणी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "चालत नाही म्हणजे नाही." कोकोही त्याच अमेरिकेतला, तेव्हा त्या हिशेबानं चॉकलेट साबुदाण्याच्या गावचंच म्हणायला हवं. परवा आजीला तुझा प्रश्न सांगितला. तिनं नीट विचार केला आणि निकाल दिला: "नुसतं चॉकलेट असेल तर चालेल. आत बिस्कीट नको." तुझ्या अंड्यात बिस्कीट होतं. बाबांनी आणलेले हॉट क्रॉस बन तर मैद्याचे, त्यांचा प्रश्नच नव्हता.

खिचडीचं काय झालं तेही तुला कळायला हवं, कारण तुला ती "विचित्र खारट" लागली. साबुदाणा मी शनिवारी रात्रीच भिजवला होता. सकाळी डबा उघडते तर दाणे संपलेले. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकानं ईस्टरच्या रविवारी बंद ठेवावी लागतात, १९९४ चा कायदा आहे तसा. बाबा भिजत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि खारे दाणे घेऊन आले, बारच्या काउंटरवर मिळतात तसले. ते तीन पाण्यांनी धुतले, ओव्हनमध्ये वाळवले आणि त्यांचं कूट केलं. तुझ्या पणजीनं हे पाहिलं असतं तर काय म्हणाली असती ते मी लिहीत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न. संध्याकाळी साडेपाचला आजीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा पुण्यात रात्रीचे दहा वाजले होते. ती गच्चीवर जाऊन उभी होती आणि पाण्याच्या टाकीमागून नारिंगी चंद्र वर येत होता. तू ओरडलास, "दिसला! आता जेव!" मला खरंच जेवावंसं वाटत होतं. पण तो पुण्याचा चंद्र. आपला त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर उगवणार होता. आपण इतके उत्तरेला राहतो की वसंतात पौर्णिमेनंतरचा चंद्र रोज तासाहून जास्त उशीर करतो. पुण्यात त्याहून कमी. सप्टेंबरच्या शेवटी बरोबर उलटं होतं, तेव्हा तो इथे लवकर येतो आणि मीही लवकर जेवते. आणि मध्यरात्री तरी काय दिसणार होतं? वर ढगांची गोधडी.

आजी म्हणाली, "अगं, दहाला जेव. तुमच्या घड्याळातले दहा." तू लगेच म्हणालास, "ही चीटिंग आहे. वेळ पुण्याची आणि घड्याळ मँचेस्टरचं."

हो, आहे. नियम बघितला तर तुझंच बरोबर. पण आजी पावसाळ्यात काय करते ते ऐक. आषाढ-श्रावणात पुण्याच्या आभाळात चंद्र दिसतोच कुठे? मी तिला कित्येक संकष्ट्यांना पाहिलंय. कालनिर्णयच्या चौकटीत छापलेली चंद्रोदयाची वेळ झाली की आरती, मग खिडकीशी उभं राहून चंद्र असेल त्या दिशेला ढगांनाच नमस्कार, आणि पानं घ्यायची. चंद्र न दिसता उपास सोडायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे, पाऊस काही मँचेस्टरनं शोधून काढलेला नाही.

घड्याळाची सवलत मात्र नवीन, ती आजीनं फक्त मला दिलीय. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी अशीच एका एप्रिलमध्ये रात्री एकपर्यंत बसले होते. बाबा रात्रपाळीला, तुम्ही दोघं अजून जगात नव्हता, खिडकीवर पाऊस, आणि झाकून ठेवलेला वरणभात थंडगार. मी रडत आजीला फोन केला. तिथे पहाटेचे साडेपाच. तिनं देवाचं नावही घेतलं नाही. म्हणाली, "आधी भात गरम कर. पुढच्या वेळेपासून दहाला जेवायचं, मी सांगते म्हणून." तेव्हापासून चंद्र उशिरा असला की दहाला जेवते. कुठल्या पोथीत हे नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे याहून पक्कं उत्तरही नाही.

रविवारी दहाला तू पेंगत होतास, तरी मोदकासाठी उठून आलास आणि खिडकीतून ढगांना नमस्कार केलास. चुकीच्या दिशेला केलास, तिकडे शेजाऱ्यांचं गॅरेज आहे. दिशा पुढच्या वेळी दाखवते.

पुढची संकष्टी ५ मेला, मंगळवार आहे म्हणजे अंगारकी. चंद्र आणखी उशिरा आणि दुसऱ्या दिवशी तुझी शाळा, तेव्हा जागायचा हट्ट करू नकोस. आदल्या दिवशी सोमवारी पुन्हा बँक हॉलिडे आहे, पण मोठी दुकानं उघडी असतात. शेंगदाणे तेव्हाच आणून ठेवू. बिनमिठाचे.

तुझी,
आई