देवलापारचा खून लिहिताना

तुझ्या गांजा-तस्करीवरच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं. प्रेत देवलापारला सापडतं, पण गाव दिसतच नाही. एकदा नागपूरहून मनसर, देवलापारमार्गे मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या खवासापर्यंत जाऊन ये. ढाब्यावर ट्रकची ताडपत्री सोडून पुन्हा बांधणारा क्लीनर बघ. ती नवी गाठ ज्याच्या नजरेत भरली, तोच तुझा साक्षीदार.

कायदा वाच. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा २० किलोंच्या वर गेला की किमान १० वर्षं सक्तमजुरी. तोंड उघडायला निघालेल्या ड्रायव्हरचा जीव घ्यायला टोळीला एवढी भीती पुरते.

फक्त सीमेवरच्या सगळ्यांनाच तस्कर करू नको गं, फार अन्याय होतो. जिच्या घरातली पितळी भांडी पोराने नशेपायी एकेक करून विकली, त्या आईला बोलू दे. मराठीत सुरू करून ती हिंदीत भांडेल. तिकडे तसंच बोलतात.