मिक्सर नाही, शेगडी एकच. दोन किलो टोमॅटोंचं घरी काय काय करता येईल?

मंडीत स्वस्त दिसले म्हणून दोन किलो उचलले, खोलीवर एक शेगडी, एक कढई, एक पातेलं, आणि नोकरीसाठी इंदूरला येऊन महिनाच झालाय, असं तुम्ही लिहिलंय. मी इथलीच, रामबागेतली. चोइथराम मंडीत गेलं की हा मोह आम्हालाही आवरत नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आधी टोमॅटो निवडून वेगळे करा. लांबट, जाड सालीचे, गर जास्त असलेले भाजीला. गोल, पातळ सालीचे, रसाळ आणि आंबट, ज्यांना इथला भाजीवाला ‘देसी’ म्हणतो, ते साराला. हिरवट राहिलेले फेकू नका, त्यांचं वेगळं काम आहे.

इंदूरला आहात तर पहिल्या दिवशी शेव-टमाटर करा. (घरात शेव, दुकानात सेव, आम्ही दोन्ही बोलतो. टोमॅटोला तर बाहेर टमाटरच म्हणा.) दुकानात ‘भिया, सब्जीवाली सेव देना’ म्हटलंत की तो जाड, लवंगेची शेव तोलेल. बारीक शेव घेऊ नका, तिचा रश्शात लगदा होतो. दोन चमचे तेलात जिरं, हिंग आणि ठेचलेला लसूण, मग चार टोमॅटो चिरून. हळद, धणेपूड, तिखट. इथलं तिखट बरेचदा निमाडच्या मिरचीचं असतं आणि ते खरंच तिखट असतं, तुमच्या घरच्या अंदाजाने घालाल तर रडाल. झाकण ठेवून टोमॅटो पार गळू द्या, कडेने तेल दिसायला लागलं की वाटीभर गरम पाणी, उकळी, चिमूटभर साखर. मीठ अगदी कमी, कारण शेवेत ते आहेच. शेव घालायची ती पान वाढल्यावर, गॅस बंद करून. बेसनाची असल्यामुळे ती रस्सा भराभर पिते. दहा मिनिटं आधी घातलीत तर कढईत पिठलं सापडेल. माझी बडोद्याची मावसबहीण हीच भाजी चांगला खडाभर गूळ घालून करते आणि आमची चव ‘नुसती आंबट’ म्हणते. आम्ही तिच्या भाजीला मुरांबा म्हणतो.

कांदा मुद्दाम सांगितला नाही. कांदा-टोमॅटोची तीच ग्रेव्ही सगळ्याला लावायची सवय मला आवडत नाही. त्यात टोमॅटो नुसता आंबटपणापुरता उरतो, त्याची स्वतःची चव कुठे लागतच नाही.

दुसऱ्या दिवशी सार. मिक्सर नाही म्हणून अडत नाही, आमच्या आजीकडेही नव्हता. तीन-चार देशी टोमॅटो पाण्यात पाच-सात मिनिटं उकडा, साल आपोआप सुटते. गार झाले की हाताने कुस्करून चहाच्या गाळणीतून दाबून काढा. बिया-चोथा वर राहतो. पुण्याकडे यात नारळाचं दूध घालतात. इथे ओला नारळ रोज घरात नसतो, म्हणून आम्ही वरणावरचं पातळ पाणी घालतो, तेही नसेल तर चमचाभर बेसन पाण्यात कालवून. नारळाचं दूध घातलंतच तर नंतर सार खळाखळा उकळू नका, आंबटामुळे फाटतं. सुपारीएवढा गूळ, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची. फोडणी तुपाचीच: जिरं, हिंग, कढीपत्ता. गरम भातावर घ्या, आणि उरलेली शेव वरून टाका. अस्सल सारवाल्यांना हे चालणार नाही, पण आमच्या घरात पोह्यांपासून वरणभातापर्यंत सगळ्यावर शेव पडते.

तुमची एकुलती कढई लोखंडी असेल तर सार तिच्यात करू नका. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी केलं होतं. सार काळपट झालं आणि चव अशी की जणू किल्ली चोखतोय. टोमॅटोतलं आम्ल लोखंडाला खातं. स्टीलचं पातेलं वापरा. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तर टोमॅटो अजिबात नको.

याच आम्लामुळे आणखी एक गोष्ट होते. डाळ किंवा बटाटा पातेल्यात शिजत असताना टोमॅटो आधीच घातला तर ते लवकर मऊ होत नाहीत. तासभर उकळूनही डाळ कणीदार राहिली तर दोष डाळीचा नसतो. आधी शिजू द्या, टोमॅटो मागून घाला.

कोशिंबिरीला तर शेगडीही जवळजवळ लागत नाही. बारीक चिरलेला टोमॅटो, दाण्याचं कूट, साखर, मिरची, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. मीठ जेवायला बसताना, नाहीतर सगळं पाण्यात तरंगतं. सकाळी घाई असेल तर टोमॅटो ऑम्लेट: वाटीभर बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ, बारीक चिरलेला टोमॅटो, मिरची, ओवा, मीठ. पीठ मुद्दाम घट्ट भिजवा. दहा मिनिटांत टोमॅटोला पाणी सुटतं आणि ते हवं तेवढं सैल होतं. पहिलं तव्याला चिकटेल, ते उभ्याउभ्या खाऊन टाकायचं.

राहिले हिरवे, त्यांची चटणी करा. फोडी थोड्या तेलात लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर डाग पडेपर्यंत परता, भाजलेले दाणे किंवा तीळ घालून वाटीच्या बुडाने ठेचा. मीठ घालताना कोथिंबिरीच्या काड्याही घाला. भाकरी येत नसेल तर पोळीशी, तीही येत नसेल तर कोपऱ्यावरच्या ब्रेडशी चालते.

ज्यांना अजून रंग धरायचाय ते फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्यात टोमॅटो पिकायचा थांबतो, चव पडते आणि गर पिठूळ होतो. देठाची बाजू खाली करून, एकमेकांवर न रचता, ओट्यावर कागदावर पसरा. पूर्ण पिकून मऊ पडायला लागलेले मात्र आज रात्रीच साराला लावा.