प्रकल्प तिचा आहे, तिलाच लिहू द्या

प्रश्न : मुलगी इंग्रजी विषय घेऊन टीवायबीएला आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ या कथेचं स्त्रीवादी दृष्टीनं विश्लेषण, असा तिचा प्रकल्प आहे. त्यापायी एमपीएससीचा अभ्यास मागे पडतोय, म्हणून तिच्या भल्यासाठी मी तयार प्रकल्प विकत आणला. तेव्हापासून ती बोलत नाही. नवऱ्याला वाईट ठरवण्यात कसलं आलंय शिक्षण? तिला कसं समजवावं? – एक वडील

उत्तर : तिला समजावू नका, तो प्रकल्प परत करा. विकतचं लिखाण तोंडी परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांतच उघडं पडतं. पण मला त्याहून जास्त खटकले ते ‘तिच्या भल्यासाठी’ हे शब्द. १८९२ सालच्या या कथेतला जॉन डॉक्टर आहे आणि बाळंतपणानंतर खचलेल्या बायकोला तो लिहू देत नाही, तेही तिच्या भल्यासाठीच. तिला खालची, गुलाबांकडे उघडणारी खोली हवी असते. तो तिला वरच्या, गज लावलेल्या खोलीत ठेवतो. ती चोरून लिहिते आणि तो आला की लपवते. तुमची मुलगी सध्या हेच वाचतेय, आणि नेमकं तिचंच लिखाण तुम्ही काढून घेतलंत.

नवऱ्याला वाईट ठरवणं म्हणजे स्त्रीवादी वाचन, हा समज सोडा. जॉन दुष्ट नाही, मायाळू आहे. बायकोला लहान मुलीसारखं वागवतो. या वाचनात विचारायचं असतं ते असं : निर्णय कोण घेतं? कुणाचं म्हणणं ज्ञान ठरतं आणि कुणाचं आजाराचं लक्षण? उत्तर प्रत्येक वेळी कथेतल्या ओळीतूनच यायला हवं. नणंद जेनी बाई असूनही लिहिण्यानंच दुखणं आलं असं मानते, असं कथा सांगणाऱ्या बायकोला वाटतं. हा पुरावा गैरसोयीचा म्हणून गाळला की मांडणी लंगडी पडते.

मुलीसाठी : कथा आधी दोनदा वाच, सिद्धांत बाजूला ठेवून. मग सात-आठ जागांवर खूण करून एका वाक्यात दावा लिही. दोन हजार शब्दांत सिद्धांताला अडीचशे पुरेत. बरेच जण तिथेच चार पानं घालवतात आणि उरलेल्यात कथानक सांगतात. गिलमन यांच्यावर डॉ. मिचेल यांनी विश्रांतीचा उपचार केला होता आणि लेखणी हाती धरू नका असं बजावलं होतं, हे संदर्भापुरतं ठेव. निवेदिका, म्हणजे कथा सांगणारी बायको, हीच लेखिका, असं धरून चालू नकोस.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यात निबंधही आहे. दावा करून पुराव्यानं पटवायची सवय तिथे उपयोगी पडेल. तिला प्राध्यापक व्हायचं असेल, तर एमए, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पण तिला काय करायचंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. ते तिला विचारा. आणि प्रकल्पाचं पहिलं पान तिनं आपणहून दाखवलं, तर दुरुस्ती न सुचवता वाचा.