मेमधली घुमटं आणि मागच्या रांगेतल्या बायका

चैत्र लागला की माझ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी 'मुलीचा आवाज वर फाटतो, काय करू' किंवा 'पेटीचा एक सूर सारखा दाबलेला राहतो' असलं काहीतरी असतं. मे जवळ आला की मंडळं आणि वाचनालयं विचारू लागतात, कारण सुट्टीत प्रत्येक गावाला एक छोटासा संगीत महोत्सव करायचा असतो. मी शाळेत संगीत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या गावच्या दोन दिवसांच्या महोत्सवात कार्यशाळांचं बघते. खालची उत्तरं बहुतेक माझ्याच चुकांतून आलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा महोत्सव मेच्या तिसऱ्या आठवड्यात असतो. गेल्या वर्षी घुमटाची, म्हणजे मडक्याला कातडं चढवून केलेल्या वाद्याची, आणि लोकगीतांची कार्यशाळा ठेवली. पन्नास खुर्च्या भरल्या, पण लोक नुसते बसून राहिले. शिकवणारे वाजवत होते, लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. शेवटी 'कुणाला वाजवून बघायचंय?' विचारलं तर दोन मुलगे उठले. लोकांना सामील कसं करून घ्यायचं?
— वाचनालयाचे एक कार्यकर्ते, फोंडा तालुका

पहिल्यांदा त्या पन्नास खुर्च्या मांडववाल्याला परत करा. खुर्ची दिली की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा चहाची वाट बघतो. चटया घाला, देवळात भजनाला बसतात तसं समोरासमोर बसवा. शिकवणाराही चटईवरच. एवढ्यानं अर्धं काम होतं.

दुसरं, वेळ कुठली ठेवली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सकाळी अकराची असणार. आम्हीही तीच ठेवायचो. मेमध्ये सकाळी अकराला गोव्यातली बाई कुठे असते, सांगा बघू? पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, मागे. मिरच्या उन्हात, सोलं उन्हात, फणसाची साठं उन्हात, एक डोळा कावळ्यावर आणि एक ढगावर. ती कशाला येईल तुमचं घुमट ऐकायला? तिसऱ्या वर्षी आम्ही कार्यशाळा साडेचारला नेली, वाळवण आत घेऊन झाल्यावर. त्या दिवशी बायका आल्या त्या थेट कोकमं फोडून. साबणानं हात धुतले होते तरी बोटं जांभळी. आमच्या एका घुमटाच्या पांढऱ्या कातड्यावर तीन बोटांचा डाग अजून आहे. पुसायचा नाही म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.

आता मुख्य. 'कुणाला वाजवून बघायचंय?' हा प्रश्न चुकीचा, कारण त्याचं उत्तर फक्त धीट मुलगे देतात. 'तुम्हाला काय येतं?' हे विचारायचं, आणि तेही महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी, घरी जाऊन.

मी हे कसं शिकले ते ऐका. एका वर्षी लोकगीतं शिकवायला आम्ही शहरातून एक बाई बोलावल्या. शिकलेल्या, गोड गळ्याच्या. त्यांनी फुगडीचं एक गाणं कागदावर छापून सगळ्यांना वाटलं. मी मागे पेटी घेऊन बसले होते. माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या, दोघींनाही वाचता येत नव्हतं. प्रत्येक ओळीला एक दुसरीच्या कानात म्हणे, 'तसं न्हय गो तें.' कागदावर तीन कडवी होती, त्यांना अकरा येत होती! दोन तास त्या दोघी तिथे बसून राहिल्या आणि आम्ही त्यांनाच त्यांचं गाणं शिकवत होतो, तेही चुकीचं. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या वर्षी त्या दोघी पुढे बसल्या आणि शहरातल्या बाई त्यांच्याकडून उतरवून घेत होत्या. बाईंनी ते मनापासून केलं, त्यांचं मला कौतुक आहे. तेव्हापासून आमची एक शंभर पानी वही असते. ओव्या कुणाला येतात, घुमटाच्या साथीचा शामेळ हा ढोल कोण वाजवतो, लग्नातली हळदीची गाणी कुणाच्या तोंडात आहेत, कुणाला काही येत नाही पण ठेका चुकत नाही (असा माणूस सोन्यासारखा), सगळं घरोघर विचारून लिहितो. कार्यशाळेचा कार्यक्रम त्या वहीवरून ठरतो.

घुमटाबद्दल. आमच्याकडे घुमटं बारा आणि मुलं चाळीस. पहिली वीस मिनिटं घुमट कुणाच्याच हातात द्यायचं नाही. मांडीवर ठेका धरायचा, तोंडानं बोल म्हणायचे. मग डिचोलीच्या कुंभाराकडून आणलेली कोरी मडकी फिरवायची, कातडं न चढवलेली. घुमटाला दोन तोंडं असतात. मोठ्यावर कातडं, मागचं लहान उघडं. उजव्या हाताची बोटं वाजवतात हे सगळ्यांना दिसतं, पण जादू डाव्या तळव्यात असते. तो मागचं तोंड किती झाकतो, किती सोडतो, त्यावर आवाज दाबला जातो नाहीतर घुमतो. म्हणून मी मुलाला डोळे मिटायला सांगते, जाणता वादक त्याच्यासमोर एकच ठोका पुन्हा पुन्हा मारतो, आणि डावा तळवा उघडला की मुलानं हात वर करायचा. पाच मिनिटांत कान तयार होतो. बोटांना वर्षं लागतात, ती लागू देत.

जे बुजतात त्यांच्या हातात कांसाळं, म्हणजे काशाची झांज, द्या. समेवर एकदाच वाजवायचं. काम छोटं, पण चुकलं तर सगळ्यांना कळतं, म्हणून माणूस जीव ओतून वाजवतो. आमच्याकडे एक बँकेतले गृहस्थ सलग चार वर्षं फक्त कांसाळ्याला येतात.

आणि संध्याकाळी हे सगळे मंचावर गेलेच पाहिजेत, त्याच दिवशी. बारा मिनिटं पुरतात. दोन जाणत्यांच्या मध्ये चार नवे बसवा, नव्यांची वेगळी रांग करू नका. गायचं असेल तर पट्टी काळी एक धरा आणि चाल पंचमाच्या वर न जाणारी निवडा, म्हणजे बायका आणि पुरुष आपापल्या सप्तकात न ओरडता गातात. माईक फक्त गाणाऱ्यांना. चाळीस माणसांत घुमटाला माईक लावला तर एकट्याचं वाजतं आणि बाकीचे हिरमुसतात.

हे गावाचं सादरीकरण पहिलं ठेवा, नावाजलेल्या कलाकाराच्या आधी. आम्ही एकदा शेवटी ठेवलं. पाहुण्यांचं भाषण लांबलं, मग गवई रंगले, दहा वाजले आणि माईक बंद. मुलं झब्बे घालून चटईवर झोपून गेली होती. त्यातल्या एकाची आई अजून बाजारात भेटली की मला त्याची आठवण करून देते, आणि तिचं बरोबर आहे.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या वेळचं घोरपडीच्या कातड्याचं घुमट आहे. कार्यशाळेत दाखवायला आणू का? आणि बकऱ्याच्या कातड्याचं घुमट मेअखेरीस 'बसतं', त्यावर काय करावं?
— एक वाचक, साखळी

आणू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. आजोबांची वस्तू म्हणून तुमचा जीव अडकला असेल, माझाही अडकला असता. पण मुलांसमोर ती मिरवली की पुढचा प्रश्न 'असं आम्हाला कुठे मिळेल?' हाच येतो. वनखात्यात जाऊन विचारा आणि ते सांगतील तसं करा. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते बकऱ्याच्या कातड्यावर आजची पोरं वाजवतात म्हणूनच टिकणार आहे. जुने वादक म्हणतात की तो नाद नाही. नसेल. मलाही फरक कळतो, पण त्यावर दोन तास भांडण्यापेक्षा दोन तास वाजवलेलं बरं.

बसण्याचं म्हणाल तर हवा दमट झाली की कातडं सैल पडणारच. घमेल्यात निखारे करून हातभर लांब धरायचं आणि फिरवत राहायचं, एका जागी शेक लागला की कातडं चिरतं. कार्यक्रमाआधी अर्धा तास एक माणूस या कामालाच बसवा. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या पोरानं बहिणीचा हेअर ड्रायर आणला होता. सगळे हसले, पण चालला की तो!

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या बायका पौषात रात्री गात-नाचत सुंदर धालो घालतात. महोत्सवात मंचावर घाला म्हटलं तर 'जमणार नाही' म्हणतात. दोन तरुण मुली तयार आहेत. त्यांना घेऊन करावं का?
— मंडळाच्या सचिव, पेडणे

करू नका हो. त्या लाजतात म्हणून नाही म्हणत नाहीत. धालोला मांड, म्हणजे वाड्यावरची ठरलेली पवित्र जागा, लागतो. मांडावर चपला घालून जात नाहीत, तिथे आधी नमन होतं, शेवटी मांड रीतीनं मोडतात. पौषातल्या चांदण्यात त्या जागेवर जे होतं ते मेमध्ये फळ्यांच्या मंचावर, मागे देणगीदाराचा बॅनर लावून कसं व्हायचं? दोन मुलींना पुढे केलंत तर वाड्यात दोन तट पडतील, आणि तो महोत्सव तुमच्या फार काळ लक्षात राहील.

त्यांना फुगडीबद्दल विचारा. तीही मुळात गणेश चवथीची, पण फुगडीला लग्नाबारशालाही मुभा असते, त्यामुळे बायका सहसा तयार होतात. फुगडी बघायची नसतेच, घालायची असते. मंचाच्या खाली, मातीत, अंगण सारवून घेता आलं तर उत्तम. दोघी हातांची अढी घालतात, पाय जवळ आणतात, अंग मागे टाकतात आणि एकमेकींच्या वजनावर फिरतात. नवखी मुलगी हमखास अंग पुढे धरते, पडायच्या भीतीनं. म्हणून तिची जोडी कायम पन्नाशीच्या पुढच्या बाईबरोबर लावायची, आपल्या वयाच्या मैत्रिणीबरोबर नाही. ती बाई म्हणते, 'सोड अंग, हांव आसां', मी आहे. मी पोरींच्या पाठीत किती वर्षं 'ताठ, ताठ' म्हणून चापट्या मारल्या, त्या एका वाक्यानं झालं ते माझ्यानं कधी झालं नाही.

प्रश्न : आमच्या गावात चॅपलचं गायकवृंद आहे आणि आमचं आरतीमंडळ. दोघांचं मिळून काही होईल का?
— आरतीमंडळातला एक तरुण, सासष्टी

होईल, आणि ज्याच्यावर होईल ते वाद्य तुमच्या खांद्याला लटकलेलंच आहे. चवथीच्या आरतीत घुमट आणि मांडोत, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या नाचगाण्यातही घुमट, सोबत व्हायोलिन. फक्त एक पथ्य. तुमच्या आरतीतलं घुमट चढत्या लयीचं, अंगात येणारं. मांडो संथ, तिथे घुमट हलक्या हातानं मागे चालतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी आरतीच्या पोरांनी व्हायोलिनला असं गाडून टाकलं की वाजवणारे काका गज खाली ठेवून हसत बसले. दुसऱ्या वर्षी पोरांनी आधी अख्खा मांडो हात मांडीखाली दाबून ऐकला. मग वाजवला. मांडो संपून दुलपद हे त्यामागचं जलद गाणं सुरू होतं तिथे लय वाढते, तिथे तुमच्या हातांना मोकळीक मिळेल. तेवढा धीर धर, बाळा. आणि तालीम एकदा चॅपलच्या आवारात, एकदा देवळाच्या. चहाही दोन्हीकडे.

प्रश्न : दहाच्या पुढे परवानगी मिळते का?
— एक संयोजक, बार्देश

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं, आपण नाही. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा शांतता विभागही बघून घ्या. तुम्ही पाचला सुरू करा म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : कार्यशाळेतल्या मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेतरी नेऊन आणायचंय. संगीताशी संबंध असलेली जागा सुचवा.
— एक शिक्षिका, केपे

मे आहे आणि तुम्ही केप्यात, मग कुर्डीला न्या. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, त्यांचा जन्म १९०४ मधला. साळावलीच्या धरणात गाव गेलं. दर वर्षी मेमध्ये पाणी उतरलं की जोती, वाटा, तुटक्या भिंती वर येतात आणि सोमेश्वराच्या देवळाशी जुने कुर्डीकर जमतात. मी एकदा पंचवीस मुलं नेली होती. एकानं विचारलं, 'बाई, त्यांचं घर कुठलं?' मला सांगता आलं नाही, म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी मुलांना आधी स्वतःच्या घराच्या पायऱ्या दाखवल्या, तीन होत्या, आणि पंचवीस पोरं त्या तीन पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसली. तिथेच आदल्या दिवशीचं गाणं म्हटलं. गृहस्थ दुसऱ्या कडव्यापासून आमच्याबरोबर म्हणू लागले. त्यांची चाल वेगळी होती, आम्ही ती उतरवून घेतली.

निघण्याआधी पाणी किती उतरलंय ते सांग्यात कुणाला तरी फोन करून विचारा. सकाळी आठच्या आत पोचा. सावली अजिबात नाही, प्रत्येक मुलाच्या डोक्यावर टोपी हवी आणि पाणी घरून न्यायचं.