पाच ताऱ्यांचा एसी आणि एक लाखाचा हप्ता

म्हापशाच्या एका वाचकाचे पत्र आहे. वय ४६, नोकरी पणजीत, हातात येणारा पगार ६२ हजार, दोन मुले शाळेत. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जुना दीड टनाचा एसी काढून पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर घ्यावा का? आणि पेट्रोलची गाडी देऊन हायब्रिड घ्यावी का? दोन्ही कर्जावर. शेवटी एक ओळ आहे: "विजेचे नि पेट्रोलचे वाचतील त्यातून पॉलिसीचा हप्ता भागेल." गेल्या ऑगस्टमध्ये एफडीची मुदत संपली, तेव्हा बँकेतल्या मॅडमनी ते लाख रुपये एका 'गॅरंटीड' विमा योजनेत घातले. आता ऐन चतुर्थीच्या तोंडावर दुसऱ्या लाखाची नोटीस आली आणि पैसे एकदाच नव्हे, दहा वर्षे भरायचे आहेत हे त्यांना कळले.

आधी विचारलेले उरकू.

एसी तुम्ही उन्हाळ्यात नि पावसाळ्याआधी मिळून वर्षाला १,२०० तास लावता. ताऱ्यांच्या लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा १,६०० तासांचा असतो, म्हणजे तिथे दिसणारी बचतही तुमच्या वाट्याला पूर्ण येत नाही. नवा एसी तुमचे फार तर ४५० युनिट वाचवील. युनिटला पाच रुपये धरा, सव्वादोन हजार झाले. एसी ४५ हजारांचा. वसूल व्हायला वीस वर्षे! आपल्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची जाळी त्याच्या आधीच गंजून जाते. आहे तो बंद पडेपर्यंत चालवा, २४ वर ठेवा.

पंख्यांबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही. पैसे मात्र तिथे आहेत. गोव्यात पंखा बाराही महिने फिरतो. जुना ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा ३० च्या आसपास. चार पंखे, दिवसाला बारा तास, वर्षाला सुमारे ७९० युनिट वाचतात, म्हणजे जवळपास चार हजार रुपये. चारही मिळून ११-१२ हजारांत येतात, तीनेक वर्षांत वसूल. फ्रिज जुना असला तरी लगेच टाकू नका. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर रबर बदला, काही शेकड्यांचे काम आहे.

गाडी. महिन्याला ८०० किलोमीटर, खरा अॅव्हरेज १४, म्हणजे साडेपाच हजारांचे पेट्रोल. हायब्रिडने २० दिला (शोरूमवाल्याचा २७ चा आकडा चाचणीतला असतो, वाटेतल्या पर्वरीच्या रांगेतला नाही) तर वर्षाला वाचतील २० हजार. जुनी गाडी देऊनही दहा लाखांचे कर्ज उरते. नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच ८० हजारांवर. हा विषय इथेच संपला. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, मोकळ्या रस्त्यावर ५० च्या आसपास चालवा, रांगेत इंजिन बंद करा. आठवड्यातून दोनदा कदंबाची (गोव्याची सरकारी) शटल बस घेतलीत तर त्याहून जास्त वाचेल, पण ते कुणी ऐकत नाही.

म्हणजे पंखे, टायर, शटल सगळे धरून वर्षाला दहा-पंधरा हजार. हप्ता एक लाखाचा.

आता त्या कागदाकडे वळू. दहा वर्षे लाख-लाख भरा, विसाव्या वर्षी वीस लाख घ्या. "दुप्पट" म्हणून विकलेले हेच ना? तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे तिथे पडून राहतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी बाहत्तरला भागले की ढोबळ व्याजदर मिळतो, म्हणून बाहत्तरला साडेपंधराने भागा: साडेचार टक्के आणि थोडे वर. तुमची एफडी याहून बरी होती. पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा) आजचा दर ७.१ टक्के, तो कायम राहील असे नाही, पण इतकेच पैसे तिथे इतकीच वर्षे ठेवले तर साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात. विमा म्हणावा तर कव्हर दहा लाखांचे, दोन मुलांच्या बापाला.

पहिला लाख वाया जाईल ही भीती असेल. समजा, गेला. परत एक रुपया आला नाही. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये भरा आणि मुदत वाढवून तेवढीच वर्षे ठेवा, तरी साडेपंचवीस लाख होतात. पॉलिसी चालू ठेवून वीस.

शिवाय सगळा जाणारही नाही. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांप्रमाणे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर पहिले वर्ष संपल्यावर काही सरेंडर रक्कम (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारे पैसे) मिळते. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते. त्या तीस दिवसांत दुसरा लाख भरू नका, सरेंडर केल्यास किती मिळतील हे कंपनीकडून लेखी मागवा. एफडी म्हणून पॉलिसी गळ्यात मारली, अशी तक्रारही त्याच वेळी करा: आधी कंपनीकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर, तरीही नाही तर विमा लोकपालाकडे. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही. एक अडचण येईल. पॉलिसी घेताना तुम्हाला कंपनीचा फोन आला असेल आणि मॅडमनी सांगितले असेल, "सगळ्याला हो म्हणा." ते रेकॉर्डिंग कंपनी पुढे करील. तुमच्याकडे एफडीची जुनी पावती आहे, पैसे कोणत्या तारखेला कुठून कुठे गेले ते पासबुकात आहे. त्यांच्या प्रती तक्रारीला जोडा.

अर्ज शाखेत द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. मॅडम म्हणतील, "ठेवून जावा, मी बघते." ठेवून जाऊ नका.